उभ्या गाडीचं ॲव्हरेज

पेट्रोल पंपावर काम करायला तीन वाक्यं पुरतात. "किती?", "झिरो बघा" आणि "झालं." अकरा वर्षं मी या तीन वाक्यांवर काढली आहेत. मला पहिल्यापासून बोलायचं भय. चौथीत बाईंनी कविता म्हणायला उभं केलं, तेव्हा मी बाकाखाली वाकून चप्पल शोधत राहिले, तास संपेपर्यंत. पुढे शाळाच सुटली. पंपावर मात्र कोणी माझ्या तोंडाकडे बघत नाही. सगळे मशीनच्या आकड्यांकडे बघतात, आणि आकडे माझ्यापेक्षा पुष्कळ बोलके असतात.

तीन नंबरच्या मशीनची एक बाजू माझी आणि दुसरी फिलोमिनाची. ती नंदाखाल गावची, आणि ती दोघींचं बोलते. गिऱ्हाईक माझ्याकडे उभं असलं तरी उत्तर तिच्या बाजूने येतं. हे लिहिते आहे ती वही तिला दाखवायची नाही, नाहीतर संध्याकाळपर्यंत सगळ्या वसईला पाठ होईल.

आमचं काम बाहेरून दिसतं तेवढंच आहे, पण त्यातल्या दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. पहिली, झिरो. आधीच्या गाडीचा आकडा मशीनवर तसाच असतो. तो पुसून शून्य आल्याचं गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय नोझल दाबायचा नाही. दुसरी, कट. टाकी भरत आली की नोझल आपोआप टक करून बंद होतो. त्याच्या टोकाला बारीक भोक असतं, तिथपर्यंत पेट्रोल चढलं की आतून झडप पडते. लोकांना वाटतं आम्हीच हात आखडला. मग म्हणतात, "अजून थोडं, ताई, अजून थोडं." लग्नाच्या पंगतीत वाढायला गेलं तर हीच माणसं पानावर दोन्ही हात आडवे धरतात.

एक मास्तर पहाटे सहाला येतात, कारण थंड पेट्रोल घट्ट असतं असं त्यांचं मत. एकजण टाकी भरताना गाडीला दोन्ही हातांनी गदागदा हलवतो, धान्याचं पोतं बसवावं तसं. राजोडीची एक मावशी मासे विकून स्कूटरवर परत जाते. ती रोज विचारते, "ताजा हाय ना? कालचा नको घालू." फिलोमिना तिला सांगते, "आताच जाळ्यातून काढलाय, मावशी."

पण सगळ्यांत आठवणीत राहिले ते उमेळ्याचे हेमंत राऊत आणि त्यांची गाडी.

गाडी नवी होती. पाच माणसांची, उंच, पांढरी, पेट्रोलवाली. शोरूममधून निघाल्यावर पहिल्यांदा आमच्याकडेच आली. बॉनेटवर झेंडूचा हार, आत राऊत, त्यांची बायको सुजाताबाई आणि मागे राऊतांचे वडील, तात्या. राऊतांनी आम्हाला पेढे दिले. मॅनेजर सावंतांनी विचारलं, "किती देते?" गाडीबद्दल सगळे असंच विचारतात, म्हशीबद्दल विचारावं तसं.

"कंपनी अठरा म्हणते," राऊत म्हणाले.

सावंत पेढा खात म्हणाले, "कंपनीच्या रस्त्यावर सिग्नल नसतो, साहेब. बारा दिले तरी नशीब समजा."

राऊत मुंबईला बँकेत होते. सोमवार ते शुक्रवार स्टेशनपर्यंत स्कूटरने जायचे, गाडी घरी वाडीत उभी. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला ते गाडी घेऊन पंपावर यायचे, टाकी कटपर्यंत भरायचे आणि शनिवार-रविवार कुटुंबाला फिरवायचे. ॲव्हरेज काढायची खरी रीत हीच. आज कटपर्यंत भरायचं, फिरायचं, पुन्हा कटपर्यंत भरायचं. जेवढं मावलं तेवढं जळलं. किलोमीटरला त्या लिटरांनी भागायचं. राऊतांनी त्यासाठी निळी डायरी केली होती. दिवाळीत साडेबारा यायचं. ते थोडे खट्टू असायचे, पण भांडायचे नाहीत.

होळीनंतर एका शुक्रवारी त्यांनी दोनदा भागाकार केला. "नऊ?"

पुढच्या आठवड्यात सात. एप्रिल सरता सरता सहा.

राऊत खचले. आधी टायरची हवा वाढवली. मग छतावरचा कॅरियर काढला. मग जॅक आणि पाने काढून घरी ठेवले. मग सुजाताबाईंनी खिडकीतून फिलोमिनाला सांगितलं, "परवा मला वजन विचारत होते. लग्न ठरवताना नव्हतं विचारलं."

"मग सांगितलंत?"

"सांगितलं, तुमच्या डायरीपेक्षा कमी आहे."

मेकॅनिकने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि काही बिघाड नाही म्हणून परत केली. मग राऊतांना वाटलं की पेट्रोल चोरीला जातंय. त्यांनी टाकीच्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवली. त्यावर एक सही त्यांची आणि एक माझी. मतपेटी असावी तशी ती गाडी आठवडाभर वाडीत उभी राहिली. शुक्रवारी पट्टी जशीच्या तशी, सह्यासुद्धा जागच्या जागी, आणि ॲव्हरेज सहा.

राऊत माझ्याकडे बघायला लागले. अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी आकडे सोडून माझ्या तोंडाकडे बघत होतं.

"चोरी घरी होत नाही," ते सावंतांना म्हणाले, "तर इथे होते. ही बाई कमी भरते."

सावंतांनी पाच लिटरचं माप आणलं. ते पितळी भांडं असतं, वजनमापवाल्यांनी शिक्का मारलेलं. मी त्यात पाच लिटर सोडलं. पेट्रोल बरोबर रेघेवर येऊन थांबलं. राऊत वाकून बघत म्हणाले, "माप पण तुमचंच ना?"

त्या संध्याकाळी त्यांनी गावाच्या ग्रुपवर लिहिलं की तीन नंबरवर काळजी घ्या. सोमवारपासून माझ्या बाजूची रांग आटली. गाड्या मला वळसा घालून फिलोमिनाकडे जायच्या. राजोडीची मावशीसुद्धा. मी रिकामी उभी राहून नोझल पुसत राहायची. आठवड्यात तो इतका चकचकीत झाला की त्यात माझा चेहरा दिसायला लागला, आणि तो मला चोरासारखाच वाटायला लागला.

मला एक गोष्ट सुचली होती. राऊत म्हणायचे की गाडीतल्या स्क्रीनवर पण सहाच दाखवतात. आता स्क्रीन सांगते ते गाडीत किती जळलं ते. पंपाने किती घातलं ते तिला कुठून कळणार? मी कमी भरलं असतं तर माझ्या मशीनचा हिशेब बिघडला असता, स्क्रीनचा नाही. म्हणजे पेट्रोल टाकीत पडत होतं आणि जळतही होतं. हे मी घरी भांडी घासताना चार वेळा म्हणून पाहिलं. मग सावंतांसमोर उभी राहून म्हटलं. तेवढ्यात हवेचा काँप्रेसर सुरू झाला.

"काय म्हणालीस?" सावंतांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

याचं मला अजून वाईट वाटतं. काँप्रेसर दोन मिनिटांत बंद होतो. मला थांबता आलं असतं.

पंपाच्या शेठपर्यंत गोष्ट गेली. सावंत म्हणाले, "शालन, मला माहीत आहे तू तसली नाहीस. पण रविवारी राऊतांबरोबर चाचणी करायची ठरलीये. त्यातून तुझं नाव स्वच्छ झालं नाही तर शेठ तुला नोझलवर ठेवणार नाहीत." नोझल नाही म्हणजे काम नाही. हवा भरायला दोघं होतेच.

चाचणीच्या आधीच्या शुक्रवारी राऊत डिकी उघडून दाखवत होते, की बघा, आत एक खिळासुद्धा ठेवलेला नाही. खरंच नव्हता. पण कोपऱ्यात केळीच्या पानाचा एक ओला तुकडा चिकटला होता आणि त्यावर मोगऱ्याच्या चार कळ्या. आतून असा वास आला की मला पेट्रोलचा विसर पडला.

"अत्तर चांगलं आहे," फिलोमिना म्हणाली.

"कंपनीकडूनच येतं," राऊत जरा खुलले. "उन्हाळ्यात जास्त सुटतं. ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय मी."

मी कळ्यांकडे बघत राहिले. माझी नणंद स्टेशनबाहेर गजरे विकते, त्यामुळे मोगऱ्याचं मला कळतं. मे महिन्यात कळी दुपारी दोनलाच ओठ उघडते, आणि उमललेल्या कळीला गजरेवाली हात लावत नाही. इथे साडेसहा वाजले होते आणि या कळ्या अजून मुठी आवळून होत्या. त्यांना कोणीतरी दुपारभर गारव्यात ठेवलं होतं.

मी मागच्या सीटकडे बघितलं. तात्या रस्त्यापलीकडच्या भिंतीवरची जाहिरात वाचत होते. फार मन लावून वाचत होते.

रविवारी सकाळी मी टाकी कटपर्यंत भरली. राऊत नाकाच्या अंतरावर उभे. मग पंपाची साक्षीदार म्हणून मला मागे बसवलं, तात्यांच्या शेजारी. ठरलं होतं राजोडीच्या समुद्रापर्यंत जायचं, थोडं इकडेतिकडे फिरायचं आणि परत यायचं. मी आयुष्यात एवढ्या गाड्यांची टाकी भरली, पण असल्या गाडीत बसले ती पहिल्यांदा.

राऊत अनवाणी चालवत होते. चपलेने जास्त दाब पडतो म्हणे. एसी बंद. काचा दोन बोटं उघड्या, जास्त उघडल्या तर वारा अडतो. सुजाताबाईंनी आणलेला चकल्यांचा डबा घरीच उतरवून ठेवला होता. रस्त्यात त्यांचे एक मामा हात करत होते, तर राऊतांनी नुसतं डोकं हलवलं, कारण ब्रेक मारला की पेट्रोल वाया जातं. मामा मागे बराच वेळ हात वर करून उभे होते.

"बोललं तर चालेल का," सुजाताबाईंनी विचारलं, "का त्यानं पण ॲव्हरेज जातं?"

"हळू बोल."

राजोडीला नवरा-बायको पाण्याकडे गेले. राऊतांना पाय भिजवायचे नव्हते, ओल्या पायांचं वजन चढेल म्हणून, पण सुजाताबाईंनी ओढून नेलं. सुरूच्या सावलीत मी आणि तात्या. मी वाळूकडे बघत तीन वेळा मनात म्हटलं आणि चौथ्यांदा तोंडातून निघालं.

"तात्या, कळ्या कुठे ठेवता?"

तात्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "तुला कोन बोलला?"

"कळ्याच बोलल्या."

ते थोडं हसले. मग सांगायला लागले. पूर्वी वाडीतला मोगरा खुडला की ते ओल्या फडक्यात गुंडाळून विहिरीजवळच्या खोलीत ठेवायचे. ती खोली अशी गार की दुपारी पांघरूण लागावं. शेजारी बिल्डिंग झाली, तिच्या रस्त्यात खोली गेली, आंबाही गेला. गजरेवाल्या साडेतीनला येतात. तोवर अर्ध्या कळ्या फुलून बसायच्या. मग गाडी आली. एकदा सुनेने एसी लावून त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा त्यांच्या मनात आलं की ही तर विहिरीजवळची खोलीच आहे. दुसरी किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला असते. मुलगा बँकेत, सून क्लासमध्ये शिकवायला. दुपारी एक ते साडेतीन, कळ्या गाडीत.

"पण तात्या, पेट्रोल जळतं ना."

"कसा जळेल? गाडी तर जाग्यावर उभी. चाकं फिरली तर पेट्रोल जाईल."

"एसी इंजिनावर चालतो. इंजिन चालू असतं."

"इंजिन?" तात्या माझ्याकडे बघत राहिले. "अगं पोरी, आमच्या वाडीचा पान्याचा इंजिन बघ, चालू केला तर पलीकडच्या आळीत कळतो. धूर, धडधड. हिचा बटन दाबला तर काही नाही. निस्ता गार वारा. मला वाटला बॅटरीवर चालतो, पंख्यावानी."

मी त्यांना सांगितलं की नव्या गाड्या आवाज करत नाहीत, तरी जेवतात. ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे हेमंत दोन महिने अनवानी गाडी चालवतो तो माझ्यापायी?"

मी मान हलवली.

"त्याला नको सांगू. तो म्हनतो मोगऱ्याची जागा साफ करून गाड्या उभ्या करायला भाड्यानं देऊ. आता हे कळला तर कळ्यांच्या आधी मलाच खुडेल."

मी काही बोलले नाही. माझं न बोलणं लोकांना नेहमी होकार वाटतं. तात्यांनाही वाटलं. त्यांनी मला आपल्या खिशातली एक सुपारी दिली. ती तोंडात धरून मी परतीचा सगळा रस्ता विचार करत राहिले, की माझं काम जावं की त्यांचा मोगरा.

पंपावर आल्यावर मी झिरो दाखवला आणि नोझल लावला. टक झालं तेव्हा आकडा होता सव्वातीन लिटर. राऊतांनी एकेचाळीस किलोमीटरला भागलं.

"साडेबारा," ते पुटपुटले.

"झालं तर मग," सावंत म्हणाले. "गाडी चांगली, पंप चांगला."

"आज मी समोर उभा होतो ना. एरवी मी फोनवर असतो, तेव्हा ही बाई हात मारते. आजच्या चाचणीनं तेच सिद्ध होतं." राऊतांनी फोन काढला. "हे पण लिहितो ग्रुपवर."

सावंतांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. त्यांनी माझा नोझल हातातून घ्यायला हात पुढे केला. फिलोमिना पलीकडून काहीतरी बोलायला निघाली होती, पण तिला काय बोलायचं ते माहीतच नव्हतं. ते फक्त दोघांना माहीत होतं.

मी नोझल सोडला नाही. हवेचा काँप्रेसर सुरू होता. मी तो बंद व्हायची वाट पाहिली. पूर्ण दोन मिनिटं. सगळे माझ्याकडे बघत उभे, आणि मी नोझल आवळून धरलेला. मग काँप्रेसर थांबला आणि मी म्हटलं, "तात्या, तुम्ही सांगता की मी सांगू?"

फिलोमिना नंतर म्हणाली की माझा एवढा मोठा आवाज ऐकून तिला वाटलं रेडिओ लागला.

तात्या गाडीतून उतरले. दार नीट लावलं. टोपी सारखी केली.

"हेमंता," ते म्हणाले, "पेट्रोल मी खाल्ला."

मग त्यांनी सगळं सांगितलं, खोली, आंबा, किल्ली, कळ्या. राऊत ऐकत होते आणि त्यांचा फोन हळूहळू खाली येत होता.

"रोज?"

"रोज कुठे. शनिवार-रविवार तू असतो ना घरी."

"अडीच तास एसी? कळ्यांना?"

"मग काय फुलवून देऊ?"

"आणि मी? मी एप्रिलपासून एसी लावला नाही. घामाने भिजून गाडी चालवतोय, बाबा."

"तुला मी बोललो का नको लावू?"

सुजाताबाईंनी तोंडाला पदर लावला. "थांबा," त्या म्हणाल्या, "म्हणजे ते कंपनीचं अत्तर?"

मग त्या हसायला लागल्या त्या अशा की त्यांना मशीनच्या कठड्यावर बसावं लागलं. फिलोमिना हसली, सावंत हसले, रांगेतला एक रिक्षावाला काही कळलं नसताना हसला. राऊत मात्र डायरी उघडून उभे होते. मला वाटलं आता मोगरा गेला. ते बराच वेळ लिहीत होते.

त्यांनी माझी माफी मागितली नाही. जाताना "ठीक आहे" म्हणाले, माझ्याकडे न बघता, मशीनच्या आकड्यांकडे बघत. मला तेवढं बरं वाटलं, कारण मला तीच सवय आहे. त्या रात्री ग्रुपवर आधीचा मजकूर पुसला गेला आणि नवा आला, की तीन नंबरचं माप बिनचूक आहे, गाडीत तांत्रिक अडचण होती. तेव्हापासून फिलोमिना तात्यांना तांत्रिक अडचण म्हणते.

पुढच्या शुक्रवारी राऊत आले. तात्या मागे होतेच, जरा अंग चोरून. राऊतांनी डायरी उघडली. मधोमध रेघ मारली होती. एका बाजूला लिहिलं होतं "रस्ता" आणि दुसऱ्या बाजूला "मोगरा".

"दीडशे किलोमीटर झाले, आधी त्याचे बारा लिटर भरा," ते म्हणाले. "मग पुन्हा झिरो करून कटपर्यंत. दुसरं मोगऱ्याचं."

मी दोनदा झिरो दाखवला. दोन्ही वेळा त्यांनी वाकून बघितला. भागाकार केला, साडेबारा आलं आणि त्यांचा चेहरा पेढे वाटायला आलेल्या दिवसासारखा झाला. मागून तात्या मला म्हणाले, "बघ, उभ्या गाडीचा पन हिशेब ठेवतो तो. बँकेतला ना."

मोगऱ्याची जागा अजून तशीच आहे. तात्या दर शुक्रवारी खिडकीतून एक गजरा देतात. मला तो माळायची लाज वाटते, म्हणून मी तो मशीनच्या हुकाला नोझलशेजारी अडकवते. दिवसभर पेट्रोलचा आणि मोगऱ्याचा वास एकमेकांत मिसळत राहतो.

माझी रांग परत आली आहे. कालच राजोडीची मावशी आली. तिने पदर सावरत मशीनजवळ नाक नेलं, एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं, आणि संशयाने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"गो शालन," ती म्हणाली, "पेट्रोलला मोगऱ्याचा वास येते. भेसळ करता काय?"

पलीकडून फिलोमिनाने उत्तरासाठी तोंड उघडलंच होतं. मी हात वर करून तिला थांबवलं.

"झिरो बघा, मावशी," मी म्हटलं.